सज्ञान आवाजाचा हक्क

१९७२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली स्टीव्ही वंडरची ‘टॉकिंग बुक’ ही तबकडी लावली की पहिल्या गाण्यात पहिला आवाज त्याचा ऐकू येत नाही. ‘यू आर द सनशाइन ऑफ माय लाइफ’ या पुढे जगभर गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी जिम गिलस्ट्रॅप आणि लानी ग्रोव्ह्ज या दोन सहगायकांनी गायल्या आहेत. स्टीव्ही त्यांच्या मागाहून येतो. अकराव्या वर्षापासून ज्याला रंगमंचाच्या मध्यभागी उभे करून ‘एवढासा मुलगा, तोही आंधळा, आणि काय काय वाजवतो’ म्हणून लोकांपुढे मांडले गेले, तो बाविसाव्या वर्षी आपल्याच तबकडीचे दार दुसऱ्यांना उघडू देतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्वतःला सतत सिद्ध करून दाखवण्याची गरज संपल्यावरच माणसाला असे मागे थांबता येते. ही मोकळीक त्याला प्रतिभेमुळे मिळाली असे आपण सहज म्हणून जातो. मला ते अर्धेच खरे वाटते. उरलेले अर्धे श्रेय एका जन्मतारखेला आणि त्या तारखेला संपलेल्या कराराला द्यावे लागते, आणि आपल्याकडच्या बालकलाकारांचा विचार करताना नेमका हाच भाग आपण विसरतो.

स्टीव्हीचा जन्म १३ मे १९५० रोजी मिशिगन राज्यातील सॅगिनॉ गावी झाला. दिवस पुरे होण्याआधी जन्मल्याने त्याला काचपेटीत ठेवावे लागले आणि तेथील जादा प्राणवायूमुळे त्याची दृष्टी गेली. पुढे आई मुलांना घेऊन डेट्रॉइटला आली. माउथऑर्गन, पियानो आणि ड्रम ही वाद्ये त्याने कोवळ्या वयातच आत्मसात केली, तो चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागला आणि १९६१ मध्ये, अकराव्या वर्षी, बेरी गॉर्डीच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीने त्याला करारबद्ध केले. ‘लिटल स्टीव्ही वंडर’ हे नाव कंपनीने दिले. जून १९६२ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरमधील कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेले ‘फिंगरटिप्स’ १९६३ च्या ऑगस्टमध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, आणि इतक्या लहान वयात त्या जागी पोहोचलेला कलाकार त्याआधी झाला नव्हता. तबकडीच्या नावातच ‘बारा वर्षांचा जीनियस’ असे शब्द होते. म्हणजे ग्राहकाला गाण्याइतकेच मुलाचे वयही विकले जात होते, आणि वय ही अशी वस्तू आहे की ती दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते.

त्या काळातील त्याच्या तबकड्यांपैकी एक रे चार्ल्स या ज्येष्ठ अंध गायकाच्या गाण्यांना वाहिलेली होती. अंध मुलाने अंध गायकासारखे गावे, हा त्यामागचा हिशेब सरळ होता. मुलाला काय म्हणायचे आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि खरे तर अकराव्या वर्षी त्याचे उत्तर त्याच्यापाशीही नसते. मराठी वाचकाला येथे शिवपुत्र कोमकलीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गाजलेल्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाणारा तो मुलगा ‘कुमार गंधर्व’ ही उपाधी बालपणीच मिळवून बसला होता आणि गावोगावी त्याचे जलसे होत होते. तरीही आज आपण ज्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखतो, ते त्या जलशांतून घडलेले नाहीत. मुंबईत देवधर मास्तरांकडे वर्षानुवर्षे चाललेली तालीम, त्यानंतर देवासला क्षयाच्या आजारात सक्तीने थांबलेले गाणे, माळव्याच्या लोकधुनांचे ऐकणे, आणि या सगळ्यानंतर नव्याने उभी राहिलेली गायकी, असा तो प्रवास आहे. नक्कल करणारा मुलगा आणि स्वतःचे बोलणारा माणूस यांच्यामध्ये एक मोकळा काळ लागतो. कुमारांच्या वाट्याला तो गुरूमुळे आणि आजारपणामुळे आला. स्टीव्हीला तो कायद्याने दिला.

मधली वर्षे मात्र सोपी नव्हती. आवाज फुटला आणि ज्या गोड, उंच स्वरावर कंपनीने भांडवल लावले होते तो नाहीसा झाला. अशा वेळी काय घडू शकते याचे उदाहरण अमेरिकेला ताजे होते: १९५६ मध्ये तेराव्या वर्षी देशभर गाजलेला न्यूयॉर्कचा बालगायक फ्रँकी लायमन आवाज फुटल्यावर लोकांच्या विस्मरणात गेला होता आणि पुढे १९६८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, हेरॉइनच्या अतिसेवनाने मरण पावला. मोटाउनमध्येही स्टीव्हीला ठेवावे की सोडावे अशी चर्चा झाली. तेथील गीतकार सिल्व्हिया मॉय यांनी त्याच्याजवळच्या अपुऱ्या सुरावटी ऐकल्या, त्यांतून १९६५ मध्ये ‘अपटाइट’ हे गाणे उभे राहिले आणि तो टिकला. मॉय यांचे नाव या कथेत फार कमी वेळा घेतले जाते. एका मोठ्या माणसाने त्या मुलाला ‘तुझ्याकडे आणखी काय आहे’ असे विचारले, एवढेच घडले. पण ज्याला तोवर फक्त ‘तेच पुन्हा करून दाखव’ असे सांगितले जात होते, त्याच्या दृष्टीने तो प्रश्न केवढा मोठा असेल याची कल्पना करावी.

१३ मे १९७१ रोजी स्टीव्ही एकवीस वर्षांचा झाला. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे तो त्या दिवशी सज्ञान झाला आणि अज्ञान वयात झालेला करार पुढे चालवण्याचे बंधन त्याच्यावर उरले नाही. त्याच्या नावे विश्वस्त निधीत ठेवलेला पैसा त्याच्या हाती आला. त्याने लगेच नवा करार केला नाही. तो न्यूयॉर्कला गेला आणि तेथे माल्कम सेसिल व रॉबर्ट मार्गोलेफ या दोन तंत्रज्ञ-संगीतकारांबरोबर काम करू लागला, कारण त्यांनी उभा केलेला ‘टॉन्टो’ नावाचा अजस्र सिंथेसायझर त्याला हवा होता. ध्वनिमुद्रणे तो स्वतःच्या पैशाने करत राहिला, आणि मोटाउनशी पुन्हा बोलणी झाली तेव्हा हातात काम घेऊन बोलायला बसला. वकील जोहानन व्हिगोडा यांनी घडवलेल्या त्या नव्या करारात तबकडीत काय असावे हे ठरवण्याचा अधिकार त्याचा होता आणि गाण्यांचे प्रकाशनहक्क त्याच्या स्वतःच्या कंपनीकडे येणार होते. त्याच्या एकविसाव्या वाढदिवसानंतर आठ दिवसांनीच मोटाउनच्याच मार्व्हिन गे या गायकाची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही तबकडी बाजारात आली होती, आणि तीही गेने गॉर्डीशी झगडूनच काढलेली होती. म्हणजे मोटाउनच्या भिंतींना तेव्हा तडे जाऊ लागले होते. परंतु गे बत्तिशीचा, अनुभवी माणूस होता. स्टीव्हीचा झगडा बालपणीच्या करारातून बाहेर पडलेल्या तरुणाचा होता, म्हणूनच तो बालकलाकारांच्या प्रश्नाशी थेट भिडतो.

आता त्या स्वातंत्र्यातून काय निघाले ते पाहू, कारण हक्काची चर्चा संगीत बाजूला ठेवून केली तर ती पोकळ राहते. ‘टॉकिंग बुक’मधील ‘सुपरस्टिशन’ हे गाणे नुसत्या ड्रमने सुरू होते, आणि तो ड्रम स्टीव्हीने स्वतः वाजवला आहे. त्यावर क्लॅव्हिनेटची ती प्रसिद्ध, अडखळल्यासारखी वाटणारी पण कधीही न अडखळणारी सुरावट येते. क्लॅव्हिनेट हे माउथऑर्गनसाठी प्रसिद्ध असलेल्या हॉनर या जर्मन कंपनीचे वाद्य. त्याच्या पट्ट्यांखाली खऱ्या तारा असतात. पट्टी दाबली की रबराचे टोक तार दाबून धरते आणि तिचे कंपन विजेच्या गिटारप्रमाणेच विद्युतग्राहकाने टिपले जाते. घरात जुन्या युरोपीय पद्धतीचे संगीत वाजवता यावे म्हणून ते बनवले गेले होते. स्टीव्हीने त्याचे अनेक थर एकावर एक ध्वनिमुद्रित केले आणि त्यातून असा आवाज काढला की तो गिटारचा म्हणावा की ड्रमचा, हे ऐकणाऱ्याला ठरवता येऊ नये. खालचा बेस मूग सिंथेसायझरवर, तोही त्याच्याच हातचा. दुसऱ्यांकडून घेतले ते फक्त ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन.

फंक या प्रकारात चार मात्रांच्या आवर्तनातील पहिल्या मात्रेवर, आपल्या भाषेत समेवर, सगळा भार असतो. जेम्स ब्राउनने साठच्या दशकात ती रीत पक्की केली. सोल हा चर्चच्या गायनातून आलेला, गळ्यातील कळकळीवर उभा असलेला प्रकार. आणि रॉक, ज्याचा पाया चक बेरी आणि लिटल रिचर्ड यांच्यासारख्या कृष्णवर्णीय कलाकारांनी घातला, तो १९७२ पर्यंत गोऱ्या तरुणांचे संगीत म्हणून ओळखला जाऊ लागला होता. ही विभागणी संगीतापेक्षा बाजाराने केलेली होती. रेडिओ केंद्रे वेगळी होती, दुकानातील मांडण्या वेगळ्या होत्या, आणि बिलबोर्डने कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या यादीला १९६९ मध्ये ‘सोल’ असे नावच देऊन टाकले होते. १९७२ च्या उन्हाळ्यात स्टीव्हीने रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्याआधी गाण्याचे काम स्वीकारले, ते ही भिंत ओलांडण्यासाठीच. मुख्यतः गोऱ्या, रॉक ऐकायला आलेल्या श्रोत्यांपुढे तो रोज उभा राहिला. त्यानंतर आलेल्या ‘टॉकिंग बुक’मध्ये एका गाण्यात ब्रिटिश रॉक गिटारवादक जेफ बेक आहे, दुसऱ्यात तरुण रे पार्कर ज्युनियरची गिटार आहे, आणि ‘सुपरस्टिशन’ १९७३ च्या जानेवारीत पॉप आणि सोल या दोन्ही याद्यांच्या शिखरावर गेले. हे मिश्रण कोणत्याही कंपनीने बालकलाकाराकडून करवून घेतले नसते. ज्याचे गिऱ्हाईक ठरलेले आहे अशा मुलाला दुसऱ्या मांडणीत ठेवण्याचा धोका कंपनी कशासाठी पत्करेल?

या तबकडीत ‘बिग ब्रदर’ नावाचे एक लहानसे गाणे आहे, आणि मला ते ‘सुपरस्टिशन’इतकेच महत्त्वाचे वाटते. मतांपुरता वस्तीत येणाऱ्या आणि नंतर फक्त पाळत ठेवणाऱ्या सत्ताधाऱ्याला उद्देशून ते लिहिले आहे. त्यात स्टीव्ही माउथऑर्गन वाजवतो. ‘फिंगरटिप्स’मध्ये ज्या वाद्याने टाळ्या घेतल्या, तेच हे वाद्य. येथे मात्र ते लोकांना खूश करण्यासाठी वाजत नाही. बालपणीची कला टाकून द्यावी लागत नाही, ती कोणत्या कामाला लावायची हे ठरवण्याचा अधिकार तेवढा स्वतःकडे यावा लागतो. मुखपृष्ठावरही हेच दिसते: मातकट जमिनीवर बसलेला, लांब झगा घातलेला, केसांच्या वेण्या घातलेला आणि काळा चष्मा काढून ठेवलेला तरुण. पहिल्या आवृत्तीवर श्रोत्यांसाठी ब्रेलमध्ये उठावाची अक्षरे होती. ‘बोलते पुस्तक’ हे नावही अंधांसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या पुस्तकांवरून घेतलेले आहे. याच स्टीव्हीने पुढे अंधांना पुस्तके सुलभ रूपात मिळावीत यासाठीच्या मराकेश कराराचा हिरिरीने पाठपुरावा केला, आणि २०१४ मध्ये त्या कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. मोटाउनने त्याला शिक्षण दिले, उत्तम वादकांच्या सहवासात वाढवले, त्याचे पैसे निधीत ठेवले. कंपनीने दहा वर्षे जपले नसते तर एकविसाव्या वर्षी स्वतंत्र व्हायला स्टीव्ही वंडर उरलाच कोठे असता? हे मला मान्य आहे. क्लॅरेन्स पॉल यांच्यासारखे मार्गदर्शक आणि डेट्रॉइटमधील ते वादक नसते तर त्याचा कान तसा घडला नसता. पण घडवणाऱ्याचे ऋण आणि घडलेल्यावर मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या परंपरेत गुरूचे ऋण आयुष्यभर मानतात, तरी शिष्याने कोणता राग कोठे गावा हे गुरूच्या वारसांना विचारून ठरत नाही. शिवाय नव्या करारानंतरही स्टीव्ही मोटाउनमध्येच राहिला, आणि ‘सुपरस्टिशन’ आधी जेफ बेकला द्यायचे ठरले असताना कंपनीने ते स्टीव्हीच्याच आवाजात आधी बाजारात आणण्याचा आग्रह धरला व तो चालला. स्वातंत्र्य दिल्याने कंपनीचे नुकसान झाले नाही. उलट तिला तिच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या तबकड्यांपैकी काही त्यानंतरच मिळाल्या. १९७४ ते १९७७ या काळात वर्षातील सर्वोत्तम तबकडीचे ग्रॅमी पारितोषिक त्याने तीन वेळा घेतले.

दुसरा आक्षेप असा की, अशी मोकळीक दिली तर कलाकार भरकटतो. १९७१ ची ‘व्हेअर आय’म कमिंग फ्रॉम’ आणि १९७२ च्या मार्चमधील ‘म्युझिक ऑफ माय माइंड’ या तबकड्या मला स्वतःला विस्कळीत वाटतात. काही गाणी उगाच लांबली आहेत, काही ठिकाणी नव्या यंत्राचा मोह आवरलेला नाही. परंतु त्या झाल्या नसत्या तर ‘टॉकिंग बुक’ झाली नसती. बालकलाकाराला चुकण्याची मुभा नसते, कारण त्याची प्रत्येक चूक कोणाच्या तरी पैशावर पडते. सज्ञान होण्याचा एक अर्थ असाही आहे की आपली चूक आपल्या खर्चाने करता यावी.

मोटाउनचीच दुसरी मुले पाहिली की फरक कळतो. जॅक्सन बंधूंनी १९७५ मध्ये कंपनी सोडली, तेव्हा ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नाव कंपनीने स्वतःकडे ठेवले. सख्ख्या भावांना, आडनाव स्वतःचे असूनही, ‘द जॅक्सन्स’ म्हणून पुन्हा सुरुवात करावी लागली. मायकेलला आपल्या मनासारख्या तबकडीसाठी ‘ऑफ द वॉल’पर्यंत, म्हणजे १९७९ पर्यंत, वाट पाहावी लागली. प्रतिभा दोघांच्याही ठायी होती. करार वेगळे होते.

बालकलाकाराच्या पैशाचा प्रश्न अमेरिकेने याआधीच अनुभवला होता. मूकपटांच्या काळात चॅप्लिनसोबत काम करून जगप्रसिद्ध झालेल्या जॅकी कूगनला मोठेपणी कळले की त्याच्या कमाईचा बहुतेक पैसा आई आणि सावत्र वडिलांनी खर्च केला आहे. तो १९३८ मध्ये न्यायालयात गेला आणि त्यातून कॅलिफोर्नियात १९३९ चा कायदा झाला. आज तेथे बालकलाकाराच्या उत्पन्नाचे १५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवावेच लागतात.

आपल्याकडे २०१६ च्या बालकामगार कायद्यातील दुरुस्तीने बालकलाकारांना काम करण्याची मुभा ठेवली आणि २०१७ च्या नियमांनी तिला अटी घातल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग २७ दिवसांहून अधिक नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि उत्पन्नाचे किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावेत. टक्केवारीत आपण कॅलिफोर्नियाच्या पुढे आहोत. परंतु या कायद्याच्या व्याख्येत ‘बालक’ म्हणजे मुख्यतः चौदा वर्षांखालील मूल. स्टीव्हीच्या आयुष्याला ही फूटपट्टी लावली तर ‘फिंगरटिप्स’चा पैसा सुरक्षित राहील आणि ‘अपटाइट’चा राहणार नाही. म्हणजे आवाज फुटतो, मागणी घटते आणि मूल सर्वांत जास्त हवालदिल होते, नेमक्या त्या वयात संरक्षण संपते.

याहून खोल अडचण कराराची आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयापुढे राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा खटला आला होता. एका अज्ञान मुलीच्या वतीने तिच्या वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी अभिनयाचा करार केला, निर्मात्याने तो मोडला, आणि न्यायालयाने ठरवले की इंग्लंडमध्ये काहीही असो, भारतीय कायद्यात अज्ञान व्यक्तीचा सेवेचा करार मुळातच रद्दबातल असल्याने त्यावर भरपाई मागता येणार नाही. मुलाला बंधनातून वाचवण्यासाठी असलेला नियम येथे मुलाच्याच विरोधात गेला. मुलाने काम केले तरी तो कराराचा पक्ष नाही. अशा स्थितीत अठराव्या वर्षी तो कोणाकडे आणि कशाच्या आधारे हिशेब मागणार?

२००८-०९ मध्ये झी मराठीवरील लिटिल चॅम्प्सच्या पर्वाने महाराष्ट्राला वेड लावले. त्या पाच मुलांना लोक अजूनही ‘पंचरत्न’च म्हणतात. त्या प्रेमात काही वावगे नाही. मीही ते पर्व दर आठवड्याला पाहत होतो. पण अशा कार्यक्रमांत गाणाऱ्या शेकडो मुलांपैकी किती जणांच्या घरी त्यांच्या आवाजाच्या कराराची प्रत असेल, आणि अठरा पूर्ण झाल्यावर ती उघडून वाचण्याचे कोणाला सुचले असेल, हा प्रश्न मला पडतो. त्यांचे ध्वनिमुद्रण, त्यांचे नाव, लहानपणीचे त्यांचे चेहरे कोण किती काळ वापरू शकते, हे त्या मुलांना ठाऊक असायला हवे.

म्हणून माझे म्हणणे असे की, २०१७ च्या नियमांतील २-सी या बालकलाकारांविषयीच्या नियमात तीन गोष्टी याव्यात. मुदत ठेवीची अट अठरा वर्षांपर्यंत वाढवावी. बालकलाकाराच्या वतीने पालकांनी केलेला कोणताही करार मूल अठरा वर्षांचे झाल्यावर एक वर्षाने आपोआप संपावा आणि तो चालू ठेवायचा असेल तर त्या तरुणाने स्वतः, वकिलाचा सल्ला घेऊन, नव्याने सही करावी. आणि अठराव्या वाढदिवसाला वाहिनीने किंवा ध्वनिमुद्रण कंपनीने त्याला सगळ्या करारांच्या प्रती आणि तोवरच्या मिळकतीचा पूर्ण हिशेब लेखी द्यावा. वाहिन्या म्हणतील की इतकी अनिश्चितता असेल तर मुलांवर पैसा कोण लावील. मोटाउनने लावला होता. एकविसाव्या वर्षी मुलगा हातचा सुटू शकतो हे ठाऊक असूनही तिने दहा वर्षे लावला, आणि तो सुटल्यावर त्याला परत बोलावण्यासाठी त्याच्या अटी मान्य केल्या. आपल्या वाहिन्यांनाही तशीच बोलणी करावी लागावीत, समोर बसलेल्या तरुणाच्या हातात आपल्या कराराची प्रत असावी, आणि ‘नाही’ म्हणून उठून जाण्याचा मार्ग त्याला मोकळा असावा.